लग्नाची एकपदरी कॉपी

"हा कोण गं माणूस?" सासूबाईंच्या बहिणीनं, कमलमावशींनी, टीव्हीकडे बोट दाखवून विचारलं.

तो त्यांचा नवरा होता. तेही शेजारच्याच खुर्चीत बसले होते आणि पुढे वाकून स्वतःला ओळखायचा प्रयत्न करत होते. "मिशी माझीच वाटतीय," ते म्हणाले, "पण तोंडाचं काय झालं?"

तोंडाच्या जागी चारपाच चौकोन हलत होते. माझ्या सासूबाईंच्या शालूची जर चिखलासारखी दिसत होती, आणि सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं घडवलेली त्यांची मोहनमाळ म्हणजे गळ्यावर पडलेला हळदीचा डाग झाला होता. संगमनेरच्या डहाळे सराफांच्या घरात सोन्याचा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण तो मी केला होता. वैशाखात लग्न होऊन मी त्या घरात आले, अजून आषाढही सरला नव्हता, आणि घरातल्या यच्चयावत नातेवाइकांचे चेहरे मी पुसून टाकले होते.

"पहिलीच खेप आहे," मी म्हणाले. "पुढची नीट होईल."

"नीट व्हायलाच पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. "मंगळागौरीला वाण म्हणून द्यायच्यात. बिनतोंडाचं वाण कोण घेईल?"

ही कल्पना त्यांचीच. सुनेच्या पहिल्या मंगळागौरीला येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात स्टीलची वाटी ठेवायची रीत त्यांना जुनाट वाटत होती. यंदा प्रत्येकीला लग्नाची डीव्हीडी द्यायची, वर हळदकुंकवाचं बोट लावून, असं त्यांनी साऱ्या गोतावळ्यात जाहीर करून टाकलं होतं. फोटोवाल्यानं एकच डीव्हीडी दिली होती, सोनेरी, वर बदामात आमचे दोघांचे फोटो. कॉप्या मागितल्या तर तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू. मग सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

घरात एक कम्प्युटर होता. तो माझ्या नवऱ्यासाठी, गिरीशसाठी घेतलेला. पण गिरीश कारखान्यात पाळीवर जायचा आणि कम्प्युटर विणलेल्या रुमालाखाली झाकलेला असायचा. दसऱ्याला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळे, एवढाच त्याचा उपयोग. मी माहेरी राहुरीला कम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता. त्यात पत्र टाइप करायला आणि कोष्टक आखायला शिकवतात. पण सासरी त्याचा अर्थ असा लावला गेला, की मला कम्प्युटरचं सगळं येतं. मीही नाही म्हणाले नाही. नव्या सुनेला काहीतरी येतंय असं सासरच्यांना वाटत असेल, तर ते कशाला मोडायचं?

गिरीशनं कोऱ्या डीव्हीडींची चळत आणली, मी सोनेरी डीव्हीडी आत सारली, कॉपी म्हटलं, आणि कम्प्युटरनं सांगितलं की हे यात मावणार नाही. दुकानातल्या पोऱ्याला विचारल्यावर कळलं, की फोटोवाल्याची डीव्हीडी डबल लेयर आहे आणि आपल्या कोऱ्या सिंगल लेयर. डबलच्या कोऱ्या संगमनेरात मिळत नव्हत्या, आणि मिळाल्या तरी निम्म्या घरांतले प्लेअर त्या वाजवत नाहीत, असं त्यानं वर ऐकवलं. हे सगळं सासूबाईंना समजेल असं सांगायची जबाबदारी माझी.

"आई, फोटोवाल्याची आहे ती घडीची पोळी आहे," मी म्हणाले. "तिला आत दोन पदर आहेत. आपण आणलेत ते फुलके. दोन पदरांतलं सगळं एका पदरात कसं बसणार?"

त्यांना ते लगेच पटलं. गिरीश म्हणाला, मग दोन दोन फुलके देऊ, एकावर अर्धं आणि दुसऱ्यावर उरलेलं. त्यावर सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ताटातली भाजी ढवळायला घेतली.

"लग्न अर्धं अर्धं वाटायचं?" त्या म्हणाल्या. "एकीत अंतरपाट, दुसरीत सप्तपदी. कुणाच्या घरी दुसरी हरवली, की त्या घरात तुमचं लग्न कायमचं अर्धवट. एकच पाहिजे."

म्हणून मी सगळं लग्न एकाच डीव्हीडीत दाबून बसवलं होतं. फुकट मिळणारा एक प्रोग्राम होता, तो हवं तेवढं दाबून देत असे. पण जितकं दाबावं तितके चेहरे जात. कमलमावशींचा नवरा त्या दाबण्यात गेला.

दुसरा मार्ग प्रोग्रामनंच दाखवला. फोटोवाल्यानं लग्नाचे भाग पाडले होते. हळद, सीमांतपूजन, लग्न, पंगत, पाठवणी. प्रत्येक भागापुढे एक चौकोन, त्यात बरोबरची खूण. खूण काढली की तो भाग गळायचा. मी करून पाहिलं. सीमांतपूजन किंवा पंगत यांतला एक भाग गाळला, तर बाकीचे चेहरे ओळखू येण्याइतके राहत होते. बाकीचे भाग लहान, ते काढून काही भागत नव्हतं. आणि लग्न तर काढता येत नव्हतं.

हे मी जेवताना मोकळेपणानं सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझे दिवस पालटले.

तोवर त्या घरात माझ्याशी कुणी कामाशिवाय बोलत नव्हतं. आता चहाचे कप माझ्यापर्यंत चालत येऊ लागले. शुभांगीताई, म्हणजे माझी नणंद, माहेरी आली होती. तिनं माझ्या वेणीचं कौतुक केलं आणि जाता जाता म्हणाली, हळदीतला माझा नाच राहू दे हं, आणि ती पंगत काढून टाक, त्यात मी पोराच्या पाठीत धपाटा घालताना आलेय. बोळातच राहणारे चुलतसासरे, बापूकाका, पेढे घेऊन आले. सीमांतपूजनात त्यांनी माइक हिसकावून भाषण केलं होतं. "माझं भाषण काढलंस तरी माझी काही हरकत नाही," ते म्हणाले, "पण लोक विचारतील." पंगतीचं मात्र त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना गोड बंद केलं होतं, आणि पंगतीत ते जिलब्या खाताना स्वच्छ दिसत होते. त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या हातात ती डीव्हीडी पडली तर घरात राहणं कठीण होतं.

कमलमावशी तर पंगतीचं नावच काढू देईनात. "लोकांची चावणारी तोंडं काय बघायची?" त्या म्हणाल्या. "आन् तो जिलबीवाला किती दाखवलाय त्यात. नुसता ताट धरून उभा. आचाऱ्याचा माणूस असंल, त्याला काय एवढं धरून बसायचं?"

तो जिलबीवाला म्हणजे माझे वडील, नाना.

माझी आई मी दहावीत असताना गेली. कन्यादानाला जोडपं बसावं लागतं, एकट्या बापाला बसता येत नाही. म्हणून माझं कन्यादान काका-काकूंनी केलं. सीमांतपूजनाचे पाय धुवायलाही जोडपंच लागतं, तेही त्या दोघांनी धुतले. मामांनी मला बोहल्यावर आणलं. नानांना त्या सबंध दिवसात बसायला कुठेही पाट नव्हता, मग ते धावपळीत शिरले. पाणी, पत्रावळी, गॅसच्या टाक्या, बसवाल्याचं भांडण. फोटोवाला होता तिथे ते नव्हते आणि ते होते तिथे फोटोवाला नव्हता. पाठवणीच्या वेळी तर ते मांडवामागे निघून गेले होते, का ते मला ठाऊक आहे. फक्त पंगतीत ते सापडले. त्या पाच चौकोनांतली एक खूण काढली की माझ्या लग्नात माझा बाप नव्हता, असं घरोघरच्या टीव्हीवर कायमचं लिहिलं जाणार होतं.

आणि पंगत काढा यावर सगळ्या घराचं एकमत होतं. गणपतीला आरास काय करायची यावर त्या घरात एकमत होत नसे.

माझी शेवटची आशा सासूबाईंवर होती, आणि तीच सर्वांत पोकळ निघाली. एकदा भाजी निवडताना त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पंगत काढ गं. सीमांतपूजन राहू दे. त्यात मोहनमाळ छान दिसते."

मी म्हणाले, बघते, पण तो भाग निघत नाहीय, कम्प्युटर ऐकत नाही.

"मंगळागौरीच्या आत ऐकायला लाव," त्या म्हणाल्या.

त्या का म्हणताहेत हे मला कळत होतं असं मला वाटलं. विहिणीच्या पंगतीत मुलीच्या आईनं विहिणीला आग्रह करून वाढायचं असतं. आई नव्हती, माझी काकू आत अडकली होती, म्हणून जिलब्यांचं ताट घेऊन नाना स्वतः गेले. पुरुषानं विहिणीची पंगत वाढल्याचं तिथे कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि सासूबाई पानावर हात आडवा धरून बसल्या होत्या. तो हात बराच वेळ तसाच. आणि मग हात निघाल्यावर जिलब्या एकापाठोपाठ गेल्या. हे नातेवाइकांनी बघू नये असं कुठल्या बाईला वाटणार नाही? मला राग आला होता. चांगलाच आला होता. पण नव्या सुनेचा राग कुठे ठेवायचा असतो, ते कुठल्याच कोर्सात शिकवत नाहीत.

मंगळागौर तोंडावर आली. एका दुपारी सासरे दुकानात, गिरीश पाळीवर, शुभांगीताई पोराला घेऊन झोपलेली. मी कम्प्युटर लावला आणि पंगतीपुढच्या खुणेवर गेले. ती काढण्याआधी एकदा बघून घ्यावी म्हणून पंगत सुरू केली. फोटोवाल्यानं वर सनई चिकटवली होती, त्यामुळे माणसांचे फक्त ओठ हलत. केळीचं पान, मोत्यांची महिरप, सासूबाईंचा बांगड्यांनी भरलेला हात पानावर आडवा. समोर नाना. इस्त्रीचा पांढरा सदरा, घामानं पाठीला चिकटलेला. मागून वाढपी येत होते, जात होते. नाना हलत नव्हते.

"काय बघतेस?"

सासूबाई मागे उभ्या होत्या. मी म्हणाले, पंगत कुठून कुठपर्यंत आहे ते बघतेय, काढायला. त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या शेजारी बसल्या. थोडा वेळ आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो.

"किती वेळ उभे आहेत बाई," त्या म्हणाल्या. मग पडद्यावरच्या स्वतःकडे हनुवटीनं दाखवून, "ही बाई हात का काढत नाही?"

एवढ्या दिवसांचा राग होता, त्यामुळे मी विचारून टाकलं. "का नाही काढला, आई?"

त्यांनी पदर सारखा केला. "लग्नाच्या दिवशी सकाळी मला चहा कागदी कपात आला होता," त्या म्हणाल्या. "कमलला कपबशीत."

मला वाटलं, त्या गंमत करताहेत. त्या करत नव्हत्या.

"कप संपले असतील, आई."

"ते मला तेव्हाही कळत होतं. पण एकदा रुसून बसल्यावर लगेच उठता येतं होय? कुणीतरी समजूत घालायला नको?"

पडद्यावर नानांचे ओठ हलले. एवढं एकच ते बोलले होते, आणि त्यावर सनई होती. मी ते कितीदा बघितलं होतं, पण ओठांवरून मला कधी कळलं नव्हतं. लग्नानंतर नानांना विचारलं तर ते म्हणाले, काही नाही गं, घ्या म्हणालो.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"म्हणाले, हिची आई असती तर तुम्हाला हसवून वाढलं असतं. मला ते जमत नाही. मला नुसतं उभं राहता येतं. आणि राहिले."

नाना साखर कारखान्यात टाइमकीपर होते. सगळी नोकरी त्यांनी फाटकाशी उभं राहून काढली. त्यांना खरोखरच तेवढंच येत होतं.

पडद्यावर सासूबाईंचा हात बाजूला झाला. नानांनी जिलबी वाढली, आणि मान वर करून एकदाच कॅमेऱ्याकडे बघितलं. हसले. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगीच माउस हलवला.

"आणि त्या पुढच्या जिलब्या?" मी नाक ओढत विचारलं.

"त्या मी मागून घेतल्या. भूक लागली होती," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुझे वडील आणखी कुठं कुठं आहेत यात?"

"कुठंच नाहीत."

"पाठवणीत?"

"नाहीत."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. पंगत संपून पुन्हा सगळे भाग आणि त्यांपुढचे चौकोन आले. "सीमांतपूजन काढलं तर पंगत राहते ना?"

"राहते. पण आई, तुमची मोहनमाळ..."

"मोहनमाळ कपाटात आहे," त्या म्हणाल्या. "मला पाहिजे तेव्हा बघता येते. काढ ते."

मी खूण काढली. त्यांनी ती निघालेली नीट बघून घेतली आणि चहा ठेवायला गेल्या. जाताना दारातून म्हणाल्या, "कुणी विचारलं तर सांग, कम्प्युटरनं खाल्लं."

मंगळागौरीच्या सकाळी माजघरात पूजेची तयारी, बाहेरच्या खोलीत टीव्हीवर नवी कॉपी चाललेली. वाण देण्याआधी सासूबाईंना ती सगळ्यांसमोर तपासून हवी होती. यावेळी कमलमावशींनी नवऱ्याला ओळखलं. शुभांगीताईचा नाच झाला. मग सीमांतपूजन न येताच लग्न आलं, तसे बापूकाका ताठ झाले. "माझं भाषण कुठाय?"

"कम्प्युटरनं खाल्लं," सासूबाई म्हणाल्या.

"आन् पंगत नाय खाल्ली?" लग्न लागून पंगत सुरू झाली, तेव्हा कमलमावशींनी विचारलं. बापूकाका पटकन उठून टीव्हीसमोर उभे राहिले आणि काकूंनी त्यांना सदऱ्याला धरून बाजूला ओढलं. त्यापुढचं त्यांचं दोघांचं बोलणं आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नेमके तेव्हाच नाना आले. पूजेची पत्री त्यांनी राहुरीहून आणली होती. पानं कमी पडू नयेत म्हणून एवढी, की दोन शेळ्या आठवडाभर जगल्या असत्या. पोतं उंबऱ्याशी ठेवलं, मला डोळ्यांनीच कशी आहेस विचारलं आणि म्हणाले, निघतो, गाडी आहे. आजवर ते उंबऱ्याच्या आत आले नव्हते. मुलीच्या घरी एकटा पुरुष कुठे बसणार, असं काहीतरी त्यांच्या मनात असायचं.

कमलमावशी एकदा टीव्हीकडे, एकदा दाराकडे बघत होत्या. "आता गं. हेच ते जिलबीवाले ना?"

"माझे व्याही आहेत ते," सासूबाई म्हणाल्या. "आणि ते जेवून जाणार आहेत."

नानांनी टीव्हीकडे बघितलं. त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मग पुढे वाकून म्हणाले, "हा मी?" आणि माझ्याकडे वळून, "ओळखू येतोय की गं."

मी मान हलवून हो म्हटलं आणि पान मांडायला धावले.

पान मांडलं, महिरप काढली. भोवती बायका जमल्या, आणि मधोमध एकटे नाना मांडी घालून, कुणी चोरीच्या आरोपावरून पकडून आणल्यासारखे. सासूबाई आतून जिलब्यांचं ताट घेऊन आल्या. नानांनी सवयीनं पानावर हात धरला.

"नको विहीणबाई. गाडी जाईल माझी."

"जाऊ द्या," सासूबाई म्हणाल्या. "मलाही उभं राहता येतं."

आणि त्या उभ्या राहिल्या. टीव्हीवर नाना ताट घेऊन उभे, खाली नाना पानावर हात धरून बसलेले. कमलमावशींनी कधी नव्हे ते तोंड मिटून घेतलं होतं. बापूकाका जिलबीच्या ताटाकडे बघत होते आणि काकू बापूकाकांकडे. शेवटी नानांनी हात बाजूला केला आणि सासूबाईंनी वाढली, एक, आणि ते नको म्हणायच्या आत आणखी.

जेवणं झाल्यावर चहा आला. सगळ्यांना कपबशीत. नानांसमोर मात्र सासूबाईंनी कागदी कप ठेवला आणि म्हणाल्या, "झाली फिट्टंफाट."

नानांना त्या दुसऱ्या कागदी कपाचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि मनापासून म्हणाले, "हे बरं असतं, नाही? धुवायची भानगड नाही."

हसायला पहिली सुरुवात मी केली आणि मग मला थांबताच येईना. कारण न कळताही सगळी खोली हसायला लागली. नाना गोंधळून एकेकाकडे बघत होते आणि मी हसता हसता पदरानं डोळे पुसत होते. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या आत गेल्या, फुलाफुलांची कपबशी घेऊन आल्या, आणि नानांच्या हातातला कप काढून घेऊन त्यांनी त्यातला चहा तीत ओतला.